रस्त्यावरची माणसे मोजताना : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. शहराच्या जुन्या वस्त्या पाडून नव्याने उभारल्या जात असताना त्या खाजगी वाहनांवर कमी अवलंबून कशा राहतील, आणि या विषयाचा रीतसर अभ्यास कसा करावा, असे त्यांचे आशय आहेत. पाचही पत्रलेखक कोल्हापूरचे आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांतील प्रश्नांचे धागे त्यातच गुंतलेले आहेत.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाश्वत शहरी पुनर्विकास आणि वाहनांवरील अवलंबित्व कमी करणे या विषयात पुढे शिकण्याची माझी इच्छा आहे. रस्ते आणि पूल बांधायला शिकून वाहने कमी करण्याचा अभ्यास करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे, असे घरी म्हणतात. कोणता अभ्यासक्रम निवडावा? परदेशी जाणे आवश्यक आहे का? प्रवेश मिळेपर्यंतच्या वर्षभरात मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : घरच्यांच्या शंकेपासूनच आरंभ करतो. वाहनांवरील अवलंबित्व कमी करायचे म्हणजे बांधकाम थांबवायचे, असा समज त्या शंकेच्या मुळाशी आहे. वस्तुतः चालण्याजोगा पदपथ, पावसाचे पाणी न तुंबणारी रस्त्याची कड, बसमध्ये चढताना वृद्धांना सोयीचा पडेल असा थांब्याचा ओटा, सायकलचे चाक अडकणार नाही असे गटाराचे झाकण ही सर्व स्थापत्य अभियंत्याचीच कामे आहेत आणि आपल्याकडे नेमकी हीच कामे सर्वांत निष्काळजीपणे होतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची जागा चालणाऱ्यासाठी पूर्ण मोकळी असावी लागते आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. ही दोन मापे घेऊन राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून एकदा चालून पाहा. विजेची पेटी, झाडाचा पार, दुकानाची पायरी आणि उभ्या दुचाकी वगळून १.८ मीटर कोठे उरतात, याची नोंद हा तुमच्या अभ्यासाचा पहिला नकाशा ठरेल.

दुसरी गोष्ट विषयाच्या मांडणीची. युरोप-अमेरिकेतील पाठ्यग्रंथांत हा विषय मोटारीभोवती रचलेला असतो. कोल्हापुरात मध्यमवर्गीय घराचे पहिले वाहन दुचाकी असते. ती गल्लीबोळातून जाते, थोड्या जागेत उभी राहते, आणि तीन किलोमीटरच्या फेरीसाठी तिला लागणारे पेट्रोल दोघांच्या बसतिकिटांहून स्वस्त पडते. म्हणून येथे बसची खरी स्पर्धा दुचाकीशी आहे. दर चाळीस मिनिटांनी बस सुटत असेल, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी वीस मिनिटे थांबावे लागते, आणि तेवढ्या वेळात तीन किलोमीटरचे निम्मे अंतर चालून होते. अशा माणसाला पर्यावरणाचे महत्त्व पटवून दिल्याने तो बसकडे वळणार नाही. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बससेवेच्या, एखाद्या मार्गावर दर दहा मिनिटांनी बस ठेवायची तर किती गाड्या लागतील, चौकाचौकांत त्यांचा किती वेळ वाया जातो आणि तो कसा वाचवता येईल, याचे गणित मांडणे हा अभ्यासाचा खरा गाभा आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पीएम-ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरचा समावेश आहे, त्यामुळे हे गणित आज मांडण्याला विशेष अर्थ आहे. नव्या गाड्या जुन्याच विरळ वेळापत्रकावर धावल्या, तर दुचाकीवरचा माणूस त्यांच्याकडे वळणार नाही.

याच संदर्भात वडापकडे, म्हणजे माणसे भरतील तशा सुटणाऱ्या खाजगी प्रवासी गाड्यांकडे, गांभीर्याने पाहा. वडापला अनेक जण बेशिस्तीचे उदाहरण समजतात. माझ्या मते ती शहराने आपणहून काढून दाखवलेली मागणीची आकृती आहे. कोठे आणि कोणत्या वेळी माणसे उभी असतात, किती भाडे द्यायला ती तयार असतात, हे वडापचालकाला जितके अचूक ठाऊक असते तितके कोणत्याही अहवालात सापडत नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा, शिरोली अशा उपनगरांकडे जाणाऱ्या वडापच्या फेऱ्यांची नोंद करून ती केएमटीच्या मार्गांशेजारी ठेवली, तर सार्वजनिक बस कोठे कमी पडते ते उघड दिसेल.

आता पुनर्विकास. वाहतूक आणि पुनर्विकास हे दोन विषय म्हणून शिकवले जातात, पण जमिनीवर ते वेगळे राहत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण मुळातून अभ्यासावे असे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. सार्वजनिक वाटा त्यामुळे आक्रसला. गिरणगावात उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या पायथ्याशी मोटारींसाठी मजल्यावर मजले चढले, पण ज्या रस्त्यांवर त्या मोटारी उतरायच्या ते रस्ते आणि स्थानकांकडे जाणाऱ्या पायवाटा बहुतांशी पूर्वीच्याच राहिल्या. चालत कामावर जाणाऱ्यांच्या वस्तीचे रूपांतर मोटारीने कामावर येणाऱ्यांच्या वस्तीत झाले, आणि त्याचे बीज एका नियमाच्या शब्दरचनेत होते.

कोल्हापुरातही असा प्रश्न समोर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये ज्या शाहू मिलचा पाया घातला, तिची कोटीतीर्थ तलावालगतची सुमारे २७ एकर जागा बंद अवस्थेत आहे आणि तेथे महाराजांचे स्मारक नियोजित आहे. स्मारकाचा आराखडा कसा असावा हा मोठा विषय आहे. तुमच्यासाठी त्यातला एक लहान तुकडा पुरे : या आवाराला प्रवेशद्वारे किती असावीत आणि ती कोठे असावीत? एकच भव्य प्रवेशद्वार आणि त्यासमोर विस्तीर्ण वाहनतळ अशी रचना झाली, तर शेजारच्या वस्तीलाही तेथे गाडी काढून जावे लागेल. भोवतीच्या गल्ल्यांशी जोडलेल्या पायवाटा आवारातून आरपार गेल्या, तर आज ज्यांना वळसा पडतो त्यांचा रस्ता जवळचा होईल. हे चालण्याचे अंतर नकाशावर मोजता येते. क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते, ओपनस्ट्रीटमॅपवरील नकाशे खुले आहेत, आणि दोन्ही वापरायला शिकणे एका सुट्टीत जमण्यासारखे आहे.

कायदा वाचल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपण ज्याला युडीसीपीआर म्हणतो ती, या दोहोंची ओळख नसलेला नियोजक रंगीत चित्रांपलीकडे जात नाही. युडीसीपीआरमधील दोन तरतुदींकडे विशेष लक्ष द्या. रस्ता जितका रुंद तितका अनुज्ञेय एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) अधिक, ही पहिली. त्यामुळे जमीनमालकालाच रस्ता रुंद व्हावासा वाटू लागतो आणि पेठांमधल्या चालण्याजोग्या गल्ल्या कागदावर ‘अपुऱ्या’ ठरतात. दुसरी तरतूद अशी की प्रत्येक नव्या इमारतीत सदनिकांच्या आकारानुसार किमान इतक्या वाहनांची जागा दिलीच पाहिजे, आणि ती जागा एफएसआयमध्ये मोजली जात नाही. माणसाच्या खोलीचा एकेक चौरस मीटर हिशेबात धरला जातो आणि वाहनाच्या जागेला त्यातून सूट मिळते. एका मोटारीला उभे राहायला सुमारे १२.५ चौरस मीटर लागतात आणि आत-बाहेर वळण्याची जागा धरली तर त्याच्या दुप्पट. या जागेचा बांधकामखर्च सदनिकेच्या किमतीत मिसळतो आणि ज्या घरात मोटार नाही तेही तो भरते.

पुढची पायरी मोजण्याची. वाहतूक अभियांत्रिकीत तुम्ही पीसीयू शिकला असाल. प्रत्येक वाहन किती मोटारींइतकी जागा व्यापते याचे ते माप आहे आणि त्यात बस साधारण तीन मोटारींइतकी धरली जाते. चौकाची क्षमता काढायला हे माप उपयुक्त आहे. परंतु पन्नास माणसे नेणारी बस त्यात केवळ तीन मोटारींचा अडथळा म्हणून उमटते, आणि चालणारा माणूस तर उमटतच नाही. म्हणून तुमच्या गणनेच्या तक्त्यात आणखी एक स्तंभ ठेवा : माणसे. मिरजकर तिकटी किंवा बिंदू चौक निवडा, दर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने नोंद करा, सकाळची शाळेची वेळ आणि संध्याकाळची बाजाराची वेळ दोन्ही घ्या, आणि अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी होते ते मंगळवार-शुक्रवार वेगळे ठेवा. स्त्रियांच्या प्रवासाची नोंद स्वतंत्र असावी. कामावरून निघून मुलाला शिकवणीला सोडणे, वाटेत भाजी घेणे, सासूबाईंचे औषध आणणे आणि मग घर गाठणे असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास घरटी एकच प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षणात हरवतो, आणि दुचाकीची गरज सर्वाधिक तेथेच निर्माण होते. पार्श्वभूमीसाठी २०११ च्या जनगणनेचे तक्ते पाहा. शेतीबाहेर काम करणाऱ्यांना कामाचे ठिकाण किती दूर आहे आणि ते कोणत्या साधनाने जातात हा प्रश्न त्या जनगणनेत विचारला गेला होता. ती आकडेवारी आता जुनी झाली आहे, तरी तुलनेचा पाया म्हणून उपयोगी पडते.

अभ्यासक्रमाची निवड या वर्षभराच्या कामानंतर सोपी होईल. बसमार्ग, चौक, प्रवासी यांच्या गणितात मन रमले, तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधील वाहतूक नियोजनाची पदव्युत्तर पदवी किंवा आयआयटी मुंबईतील वाहतूक अभियांत्रिकी पाहा. जमीन, घरे आणि आराखडे यांत रस वाटला, तर पुण्याचे सीओईपी, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, आयआयटी खरगपूर आणि आयआयटी रुरकी येथील नियोजनाचे अभ्यासक्रम आहेत. निर्णय कोण घेतो, पैसा कोठून येतो आणि नगरसेवक कशाला होकार देतात, हे प्रश्न अधिक खुणावत असतील, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नागरी धोरण व शासनाचा एम.ए. अभ्यासक्रम आहे. बहुतेक सरकारी संस्थांत गेट परीक्षेचे गुण लागतात. कोणती संस्था कोणता विषय ग्राह्य धरते ते प्रवेशपुस्तिकेत आधी तपासावे. स्थापत्य पदवीधरांना नियोजनाचे दार उघडे असते.

परदेशी जाणे आवश्यक नाही, परंतु गेलात तर तेथील विशिष्ट गोष्ट शिकायला जा. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात फ्रेंच लष्कराने १९९२ मध्ये सोडलेल्या छावणीच्या जागेवर वौबान ही वस्ती उभी राहिली. तेथे मोटार ठेवणाऱ्या कुटुंबाला वस्तीच्या कडेच्या सामायिक वाहनतळात स्वतंत्र पैसे मोजून जागा घ्यावी लागते, मोटार नसलेल्याला तसे लेखी द्यावे लागते आणि त्याच्यावर तो खर्च पडत नाही. ट्राम २००६ मध्ये वस्तीपर्यंत पोहोचली. वौबानचे छायाचित्र पाहून आपल्याकडे तसेच काही उभारू म्हणणे निष्फळ आहे. वाहनाच्या जागेचा खर्च घराच्या किमतीपासून कायद्याने कसा वेगळा काढला, हे मात्र शिकण्यासारखे आहे. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते किंवा अल्प असते. डीएएडी या संस्थेच्या विकासविषयक पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे पदवीनंतर लगेच धाव घेण्याची घाई करू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

प्रश्न : महाद्वार रोडवर आमचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान आहे. मंदिराच्या परिसरात वाहनबंदी करावी, अशी मागणी अधूनमधून होते. गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात येऊ शकले नाही, तर ते उपनगरातल्या मोठ्या दुकानाकडे वळेल, ही भीती आम्हां सर्वांना आहे. आमच्या पोटावर पाय देऊन शहर सुधारायचे का?
— एक व्यापारी, महाद्वार रोड

उत्तर : आपल्या पोटावर पाय येईल अशी कोणतीही योजना टिकणार नाही आणि टिकूही नये. म्हणून आपली भीती बाजूला न सारता ती मोजून पाहू या. बर्लिनमधील दोन बाजाररस्त्यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली सुमारे २२ टक्के गिऱ्हाइके मोटारीने येतात असे तेथील दुकानदारांना वाटत होते, आणि प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे ७ टक्के निघाले. कोल्हापूरचे आकडे बर्लिनसारखे असतील असे मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की दारात उभी असलेली गाडी डोळ्यांत भरते आणि चालत आलेले गिऱ्हाईक भरत नाही. आपण आणि शेजारच्या काही दुकानदारांनी पंधरवडाभर बिल करताना प्रत्येकाला ‘कसे आलात, गाडी कोठे लावली’ एवढेच विचारून वहीत नोंद ठेवावी. ती वही महापालिकेच्या कोणत्याही बैठकीत आपल्या बाजूने बोलेल, मग निष्कर्ष काहीही निघो. दारातली गाडी गिऱ्हाइकाचीच असते असेही नाही. बहुतेक बाजारपेठांत सकाळी पहिली जागा अडवते ती दुकानदाराची किंवा त्याच्या नोकराची दुचाकी.

नवरात्रात मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात, त्या दिवसांचा आपला अनुभवही या वहीत लिहावा. भाविकांच्या गर्दीमुळे तो काळ वेगळा असतो, हे मान्य. तरीही माल कधी उतरवता आला, वृद्ध गिऱ्हाइकांनी काय केले, रिक्षा कोठपर्यंत आल्या, या बारीकसारीक गोष्टी अन्य कोठूनही समजणार नाहीत.

स्पेनमध्ये सुमारे ८० हजार वस्तीचे पोंतेवेद्रा नावाचे शहर आहे. सँतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंचा एक पुरातन मार्ग त्या शहरातून जातो, म्हणजे यात्रेकरूंची वर्दळ त्यांनाही परकी नाही. १९९९ मध्ये तेथे जुन्या गावठाणातून मोटारी बाहेर काढण्यास सुरुवात झाली. त्यांनी केवळ बंदीचा फलक लावला नाही. शहराच्या कडेला विनामूल्य वाहनतळ दिले, मालवाहतुकीच्या वेळा ठरवल्या, आणि या ठिकाणाहून त्या ठिकाणी चालत किती मिनिटे लागतात हे दाखवणारा, मेट्रोच्या नकाशासारखा नकाशा २०११ मध्ये काढून सर्वत्र लावला. बिंदू चौकात गाडी लावून अंबाबाईच्या दारी पोहोचायला साधारण दहा मिनिटे पुरतात, पण बाहेरगावच्या भाविकाला हे कोण सांगते? तो चौकशी करत महाद्वाराकडे गाडी रेटत राहतो. गुजरी, चप्पल लाईन, भवानी मंडप, कपिलतीर्थ मंडई या सर्वांना मिनिटांनी जोडणारा असा नकाशा व्यापारी संघटनेने स्वतः काढावा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. एक दिवसाचा प्रयोग हा प्रचारापुरता ठीक आहे, त्यावरून व्यापाराचा अंदाज बांधता येत नाही. निदान काही महिने, ठरावीक वेळेपुरता, मालाच्या गाड्यांना सकाळची मुभा ठेवून आणि वृद्ध व अपंगांसाठी छोट्या विजेच्या गाड्यांची सोय करून प्रयोग झाला, तरच निष्कर्ष काढता येतील. दोन अटी आपण आधीच घालाव्यात, असा माझा सल्ला आहे. रस्ता मोकळा झाला की फेरीवाले येतील, तेव्हा २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांच्या जागा आधी निश्चित व्हाव्यात, त्यांच्यावर अन्याय न करता आणि आपले दार न अडवता. तसेच रस्ता सुधारला की दुकानांची भाडी चढतात, म्हणून भाडेकरू दुकानदारांचे प्रतिनिधी पहिल्या बैठकीपासून असावेत.

प्रश्न : शिवाजी पेठेतले आमचे वडिलोपार्जित घर भावकीने विकासकाला द्यायचे ठरवले आहे. आराखड्यात संपूर्ण तळमजला पार्किंगला दिला आहे. आमच्या गल्लीत आजवर प्रत्येक घराचा सोपा (ओसरी) रस्त्याला लागून असे. दुसरा मार्ग नाही का?
— एक रहिवासी, शिवाजी पेठ

उत्तर : किमान वाहनसंख्येचा नियम पाळावा लागेल, परंतु नियम किमान आकडा सांगतो, संपूर्ण तळमजला रिकामा ठेवा असे सांगत नाही. नियमानुसार किती मोटारी आणि किती दुचाकींची जागा आवश्यक आहे, याचे कोष्टक वास्तुविशारदाकडून लेखी मागा. अनेकदा त्याहून अधिक जागा केवळ विक्रीच्या आकर्षणासाठी दिलेली असते. आवश्यक तेवढी जागा मागील बाजूस घेऊन गल्लीकडील पट्ट्यात एखादे दुकान, दवाखाना, शिकवणीची खोली किंवा निदान घरातील वृद्धांसाठी एक खोली आणि ओटा ठेवता येतो का, ते नियमांच्या चौकटीत तपासून घ्या. ज्या गल्लीत तळमजल्यावर खिडकी नाही, दिवा नाही, केवळ खांब आणि अंधार आहे, तेथून मुलींना रात्री चालत यावेसे वाटत नाही. मग त्यांना न्यायला-आणायला गाडी काढावी लागते आणि त्या गाडीला पुन्हा जागा लागते.

एक अपवाद नोंदवतो. पंचगंगेच्या पूररेषेत किंवा तिच्या लगत घर असेल, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरांचा अनुभव लक्षात घेता तळमजला वस्तीविना ठेवणेच योग्य.

पार्किंगच्या विक्रीविषयीही सावध राहा. खांबांवरील इमारतीखालची पार्किंगची जागा सामायिक असते आणि महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली विकासकाला ती वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. विकासक तिची स्वतंत्र किंमत लावत असेल, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. पुढे सोसायटी स्थापन झाली की जागावाटप आणि त्याचे मासिक शुल्क ती ठरवू शकते. ते शुल्क केवळ वाहन ठेवणाऱ्यांकडून घ्यावे, म्हणजे वाहन नसलेल्या नातलगांवर भार पडणार नाही.

प्रश्न : रस्ते रुंद केले आणि उड्डाणपूल बांधले की कोंडी सुटेल, हे सरळ उत्तर सोडून तज्ज्ञ लोक आडवळणाने का जातात?
— एक निवृत्त कर्मचारी, कसबा बावडा

उत्तर : कारण त्या सरळ उत्तराची चाचणी झालेली आहे. जिल ड्युरान्टन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी शहरांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवून दिले की महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरील वाहनांचा प्रवासही वाढतो. रस्ता मोकळा झाला की पूर्वी टाळलेल्या फेऱ्या सुरू होतात, बसमधला माणूस गाडी घेतो, आणि लांबच्या माळावरचा प्लॉट जवळचा वाटू लागल्याने वस्ती तिकडे सरकते. उलट दिशेचा पुरावाही आहे. दक्षिण कोरियाच्या सेऊल शहराने २००३ मध्ये चोंगेचोन ओढ्यावरचा उन्नत मार्ग पाडायला घेतला, त्यावरून रोज लाखाहून अधिक वाहने जात होती. २००५ मध्ये ओढा पुन्हा वाहता झाला. या दरम्यान, २००४ मध्ये, बसव्यवस्थेची फेररचना केली गेली आणि भाकीत केलेला हाहाकार झाला नाही.

रस्त्याला किंमत असते, हे तर कोल्हापूरकरांइतके कोणाला ठाऊक नसेल. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प खाजगीकरणातून झाला, २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली, सारे शहर रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. ती किंमत शेवटी सार्वजनिक तिजोरीतून दिली गेली. त्या आंदोलनातली एकजूट मला आजही मोलाची वाटते. तीच एकजूट पुढच्या रुंदीकरणाचा ठराव येईल तेव्हा एक प्रश्न विचारण्यासाठी हवी : तेवढ्याच पैशांत किती बस किती वर्षे धावतील?

परीख पुलासारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात पाणी साचून रेल्वेच्या दोन्ही बाजूंचा संपर्क तुटतो, तेथे बांधकामाला माझा विरोध नाही. पण तेथेही मापदंड राजारामपुरीतून स्थानकाकडे आणि मध्यवर्ती बसस्थानकाकडे चालत जाणाऱ्याचा असावा.

प्रश्न : मी भूगोलात एम.ए. केले असून खाजगी नोकरी करतो. अभियांत्रिकीची पदवी नसताना नगरनियोजनात येता येईल का?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : येता येईल. नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अनेक संस्था भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातील एम.ए. धारकांनाही प्रवेश देतात, आणि नकाशाचे तुमचे शिक्षण तेथे वाया जाणार नाही. राज्याच्या नगररचना विभागातील सहायक नगर रचनाकार आणि नगर रचनाकार ही पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. त्यांची शैक्षणिक अर्हता अभ्यासक्रम निवडण्यापूर्वीच जाहिरातीत पाहून घ्यावी, म्हणजे दोन वर्षांनी अडचण येणार नाही. नोकरी सोडणे शक्य नसेल, तर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया या संस्थेच्या सदस्यत्व परीक्षेची माहिती काढा.

तुम्ही उचगावचे आहात, म्हणून एक काम सुचवतो. हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहराच्या किंवा प्राधिकरणाच्या क्षेत्राचा प्रारूप आराखडा जाहीर झाला की १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ नुसार नागरिकांना विहित मुदतीत हरकती व सूचना देता येतात. बहुतेक हरकती ‘माझ्या गटातून रस्ता नको’ अशा वैयक्तिक असतात. आपल्या गावातून शहराकडे जाणाऱ्या वडापच्या फेऱ्या, शाळेला चालत जाणाऱ्या मुलांच्या वाटा आणि बसथांब्यांची अंतरे दाखवणारा नकाशा जोडून, सर्व्हे क्रमांकासह लेखी सूचना द्या, तिची पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.